हवेची परीक्षा घेणारा दिवा

एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो; पण प्रत्यक्ष पेव पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. जमिनीत कोठीसारखा खोल खड्डा खणायचा, त्यात धान्य भरायचे आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी साठवण. आपले कन्नड शेजारी त्याला हगेव म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर दूरवर नावाजलेली होती. २००५ च्या महापुराने त्यांतली कित्येक निकामी केली. या पेवांच्या बाबतीत जुन्या माणसांचा एक दंडक असे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही. तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून तो हळूहळू आत सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत राहिला तरच माणूस उतरायचा, विझला तर थांबायचे. पडक्या आडातला गाळ काढायला उतरणारे जाणतेही हेच करीत.

यामागचे शास्त्र अवघड नाही. साठवलेले धान्य, त्यातले किडे आणि बुरशी हे सारे श्वसन करीत असतात. बंद पेवातला प्राणवायू त्यात संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. धान्य टिकते ते त्यामुळेच, कारण अशा हवेत किडा जगत नाही. पण किडा जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो तळाशी साचून राहतो. नेहमीच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की कंदिलाची ज्योत विझते. माणूस त्याही हवेत काही काळ तग धरू शकतो, म्हणून विझणारा कंदील वेळीच सावध करीत असे.

आज रासायनिक कारखान्यात, तेलाच्या डेपोत किंवा मोठ्या शहराच्या गटारावर काम करणाऱ्याच्या छातीवर काडेपेटीपेक्षा थोडे मोठे एक यंत्र लटकवलेले असते. ते हवा चाखते, पडद्यावर आकडे दाखवते आणि हवा बिघडली की किंचाळते. हे यंत्र म्हणजे त्या कंदिलाचाच दूरचा वंशज. या वंशावळीत बराच पराक्रम आहे आणि बरेच प्रेतसंस्कारही आहेत. ती आपल्याला ठाऊक असायला हवी, कारण विहिरी आणि मैल्याच्या टाक्या आपल्याही गावात आहेत.

फेलिंगची खाण

इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलच्या परिसरात कोळशाच्या खोल खाणी होत्या. कोळशाच्या थरात कोट्यवधी वर्षांपासून मिथेन वायू कोंडलेला असतो. कुदळ पडली की तो भेगांतून बाहेर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत मिसळला गेला की एक ठिणगी पुरते. खाणकामगार त्याला फायरडॅम्प म्हणत. उजेडासाठी मेणबत्ती तर हवीच, आणि तीच काळ ठरायची. काही खाणींत तर असा प्रघात होता की, एका माणसाने ओले कपडे पांघरून, लांब काठीच्या टोकाला पेटती मेणबत्ती लावून सरपटत पुढे जायचे आणि साचलेला वायू मुद्दाम पेटवून द्यायचा. त्याच्यावरून ज्वाळा निघून गेल्या तर बाकीचे कामाला येत.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळच्या फेलिंग येथील खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसे गेली. त्यांत पोरसवदा मुलेही होती. त्यांची प्रेते पुरण्याचे काम जॉन हॉजसन या पाद्र्याच्या वाट्याला आले. त्याने त्या अपघाताची हकीकत लिहून प्रसिद्ध केली आणि त्यातून सुशिक्षित समाजात हळहळ निर्माण झाली. पुढच्याच वर्षी संडरलंड येथे खाणीतले अपघात टाळण्यासाठी एक संस्था निघाली. डॉ. क्लॅनी या वैद्याने एक बंदिस्त दिवा तयार केला होता. पण तो जड होता आणि त्याला सतत भात्याने हवा पुरवावी लागे. अखेरीस १८१५ साली हा प्रश्न त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही याच्यापुढे ठेवण्यात आला.

डेव्हीने न्यूकॅसलला जाऊन खाणी पाहिल्या, वायूचे नमुने मागवून घेतले आणि प्रयोगशाळेत कामाला लागला. अरुंद धातूच्या नळीतून ज्योत पलीकडे जाऊ शकत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. धातू उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि ज्योत थंड होऊन मरते. मग नळीची लांबी कमी करीत तो बारीक तारेच्या जाळीपर्यंत येऊन पोचला. गॅसच्या शेगडीवर बारीक जाळी धरली तर ज्योत काही वेळ जाळीखालीच अडून राहते, तेच हे तत्त्व. दिव्याच्या ज्योतीभोवती अशी जाळी बसवली की खाणीतला वायू आत शिरतो, आत जळतोही. पण आतली आग बाहेर येत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थ खाणीवरचा एक यंत्रकामगार जॉर्ज स्टीफन्सन यानेही स्वतंत्रपणे तसाच सुरक्षित दिवा तयार केला होता. पुढे रेल्वेच्या इंजिनामुळे जगप्रसिद्ध झालेला स्टीफन्सन तो हाच. पहिला मान कुणाचा, यावरून दोघांच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद झाले.

उजेडासाठी केलेला हा दिवा पुढे मोजमापाचे साधन झाला. वात अगदी बारीक केली आणि हवेत मिथेन असला, तर पिवळ्या ज्योतीवर फिकट निळ्या रंगाची टोपी दिसू लागते. सरावलेल्या डोळ्याला ती सव्वा टक्का वायूलाच दिसते. वायू जसजसा वाढेल तशी टोपी उंच होत जाते. उलट प्राणवायू कमी झाला तर ज्योत मंद होऊन विझते. म्हणजे एकच दिवा दोन गोष्टी सांगू लागला: वाढली तर स्फोटाचे भय, खंगली तर गुदमरण्याचे. भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांतही सव्वा टक्का मिथेन ही माणसे बाहेर काढण्याची मर्यादा ठरली, आणि ज्योतीच्या दिव्याने तपासणी करण्याचे शिक्षण आपल्याकडच्या खाणकामगारांच्याही पिढ्यांनी घेतले.

पण इथेच एक विपरीत गोष्ट घडली. दिवा आल्यावर मरणे कमी होतील अशी सर्वांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. पूर्वी जे थर धोक्याचे म्हणून सोडून दिले होते, त्या थरांत मालकांनी आता दिव्याच्या भरवशावर माणसे उतरवली. जोराचा वारा लागला तर ज्योत जाळीबाहेर पडू शकते. जाळी फाटली किंवा तापून लाल झाली, तरी दिवा फसतो. १८३९ साली साउथ शील्ड्सला झालेल्या स्फोटानंतर तिथल्या नागरिकांच्या समितीने बारकाईने चौकशी केली आणि नुसत्या जाळीच्या दिव्यावर विसंबणे घातक आहे, खेळती हवा हाच खरा उपाय आहे, असे बजावले. साधन हाती आले की माणूस धोक्यापासून दूर राहण्याऐवजी धोक्याच्या अधिक जवळ जातो, हा धडा त्या दिव्याने पहिल्यांदा शिकवला.

दिव्याला न कळणारे विष

दिव्याची दुसरी उणीव ध्यानात यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. १८९६ साली साउथ वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने ती प्रेते तपासली. पुष्कळांच्या अंगावर स्फोटाच्या मोठ्या जखमा नव्हत्या. त्यांची कातडी मात्र गुलाबी दिसत होती. ही खूण कार्बन मोनॉक्साइडची. स्फोटानंतर अर्धवट जळालेल्या कोळशातून हा वायू खाणभर पसरला होता आणि बहुतेकांचा जीव आगीने नव्हे, त्या वायूने घेतला होता. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. हवेत हजारात एक भाग इतका तो असला, तरी काही तासांत प्राण जाऊ शकतो. आणि अशा हवेत दिवा मात्र शांतपणे जळत राहतो.

हॉल्डेनने स्वतःवर या वायूचे प्रयोग केले होते. उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा, हा त्याचाच सल्ला. छोट्या जिवाचा श्वास जलद असतो, त्यामुळे माणसाच्या आधी त्याला विष बाधते. कॅनरी पक्षी दांडीवर बसलेला असतो. तो डगमगून खाली पडला की माणसे मागे फिरत. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असे, म्हणजे पक्षीही वाचावा. खाणकामगार या पक्ष्यांशी बोलत, शीळ घालत. ब्रिटनमध्ये त्यांना खाणीतून निवृत्त करण्याचे जाहीर झाले ते थेट १९८६ साली, हातात धरायची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर.

हॉल्डेनच्या मुलाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. लहानपणी बापाने त्याला एका खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. पोर भाषण म्हणता म्हणता धापा टाकू लागला आणि पाय लटपटून खाली पडला. खाली पडल्यावर तो पुन्हा सावध झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताजवळ साचला होता. जमिनीलगतची हवा चांगली होती. वायूला जागा असते आणि ती त्याच्या वजनावर ठरते, हे त्या मुलाला आयुष्यभराचे कळले. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून नावारूपाला आला. १९५७ साली तो भारतात येऊन स्थायिक झाला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

तापलेली तार

विसाव्या शतकात तेलाचा जमाना आला आणि दिव्याची पंचाईत झाली. तेलवाहू जहाजाच्या रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. तिथे ज्योत न्यायची तर जहाजच उडायचे. अशा स्फोटांना उपाय शोधण्याचे काम कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत ऑलिव्हर जॉन्सन या संशोधकाकडे आले. १९२६-२७ च्या सुमारास त्याने ज्योतीऐवजी प्लॅटिनमची तापलेली तार वापरणारे यंत्र तयार केले आणि पुढे एका भागीदाराबरोबर त्याचा कारखानाही काढला.

या युक्तीचे मूळ पुन्हा डेव्हीपाशीच जाते. जाळीच्या दिव्यानंतर थोड्याच काळात, १८१७ साली, त्याने एक नवल नोंदवले होते. हवा आणि जळणारा वायू यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली, तर ज्योत न होताही तारेच्या पृष्ठभागावर वायू जळत राहतो आणि तार लालबुंद राहते. प्लॅटिनम स्वतः खर्ची पडत नाही, नुसते जळणे सोपे करते. ज्याला आज उत्प्रेरक म्हणतात, त्याचे हे फार जुने उदाहरण.

आता यातून मोजमाप कसे होते ते पाहू. तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. वायू जास्त असेल तर तार जास्त तापणार, विरोध जास्त वाढणार. तो मोजला की वायू मोजला गेला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेल्यांना व्हीटस्टन ब्रिज आठवत असेल, तोच इथे उपयोगी पडतो. ब्रिटनच्या खाण सुरक्षा संशोधन संस्थेत अ‍ॅलन बेकर याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस यात सुधारणा केली. प्लॅटिनमच्या केसाएवढ्या वेटोळ्यावर त्याने अ‍ॅल्युमिनाचा मोहरीएवढा मणी चढवला आणि मण्याला उत्प्रेरकाचा लेप दिला. अशा मण्याला पेलिस्टर म्हणतात. यंत्रात दोन मणी शेजारी शेजारी असतात. एकावर उत्प्रेरक असतो, दुसऱ्यावर नसतो. बाहेरची थंडी-ऊन दोघांनाही सारखीच लागते. वायू मात्र एकावरच जळतो. दोघांमधला फरक हेच उत्तर.

हे मणी ५०० अंशांच्या आसपास तापलेले असतात. म्हणजे स्फोटक हवा तपासायला आपण आत एक छोटीशी शेगडीच घेऊन जातो. मग तिच्यामुळेच स्फोट का होत नाही? तर मण्यांच्या तोंडावर धातूच्या बारीक कणांची भाजून केलेली सच्छिद्र चकती बसवलेली असते. वायू तिच्यातून आत जातो, आग बाहेर येत नाही. ही चकती म्हणजे डेव्हीची जाळीच. आत त्याचे प्लॅटिनम, बाहेर त्याची जाळी: दोनशे वर्षांपूर्वीचे दोन्ही शोध या खिशातल्या डबीत एकत्र नांदत आहेत.

जपानमध्ये १९६२ साली नाओयोशी तागुची याने वेगळी वाट काढली. घरगुती गॅसच्या स्फोटांनी तिथे माणसे मरत होती. टिन ऑक्साइड तापवले आणि त्याला गॅस लागला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, या गुणाचा त्याने उपयोग केला. स्वयंपाकघरात भिंतीवर लावायची गॅसची घंटा त्यातून घरोघर पोचली. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून अशी घंटा खाली लावायची असते, छताजवळ नव्हे.

चार प्रश्न

आता छातीवरच्या त्या यंत्राकडे वळू. त्यात बहुधा चार वेगवेगळी ज्ञानेंद्रिये असतात. ज्वलनशील वायूसाठी पेलिस्टर. प्राणवायूसाठी एक छोटी विद्युतघट असते, तिच्यात शिसे प्राणवायूने हळूहळू गंजते आणि त्या प्रमाणात वीज निर्माण होते. शिसे संपले की घट बदलावी लागते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यासाठी आणखी दोन घट; त्यांत तो तो वायू इलेक्ट्रोडवर रासायनिक बदल पावतो आणि सूक्ष्म वीज देतो.

चार इंद्रिये कशासाठी? एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही म्हणून. पेलिस्टरला वायू जाळायला प्राणवायू लागतो. प्राणवायूच नसलेल्या टाकीत स्फोटक वायू खच्चून भरला असला, तरी तो शून्याजवळचा आकडा दाखवू शकतो. म्हणून आधी प्राणवायू पाहायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. पडद्यावरचा ज्वलनशीलतेचा आकडाही नीट वाचावा लागतो. तिथे १०० म्हणजे शंभर टक्के वायू नव्हे, तर स्फोट होऊ शकेल अशी किमान पातळी. मिथेनच्या बाबतीत ५ टक्के धरले, तर २० हा आकडा एक टक्का वायू सांगतो. सिलिकोनचे फवारे किंवा शिशाची वाफ लागली तर मणी आंधळा होतो आणि यंत्र गप्प राहून सारे ठीक असल्याचा भास निर्माण करते. म्हणून दर कामाआधी माहीत असलेला वायू हुंगवून यंत्राची परीक्षा घ्यायची असते. आणि वायू थरांत साचतो, तेव्हा वर, मध्ये आणि तळाशी नळी सोडून तपासायचे असते.

आपल्या देशाने या प्रश्नांची किंमत मोजलेली आहे. १९६५ साली धोरीच्या खाणीत स्फोट होऊन २६८ माणसे गेली. १९९४ साली राणीगंज भागात न्यू केंदाच्या खाणीत आग लागली, तिथे ५५ जण धुराने आणि विषारी वायूने गुदमरून गेले. दोन्ही ठिकाणी कामगारांचा घात हवेनेच केला. पण एकीकडे ती पेटली, दुसरीकडे ती विषारी झाली.

खाणी आपल्यापासून दूर असतील. मैल्याची टाकी दूर नाही. तिच्यात मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असतो. हा शेवटचा वायू नाकाला फसवतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास पोचला की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास गेला म्हणून हवा सुधारली असे समजून माणूस खाली वाकतो. इथे जुना कंदील सोडणे तर मूर्खपणाच ठरेल, कारण मिथेन पेटेल. पेवाचे शहाणपण पेवापुरते बरोबर होते, आणि तेही अपुरे. सगळ्या खड्ड्यांना ते लागू होत नाही. शिवाय अशा अपघातांत पहिला माणूस कोसळला की त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी उतरतो. तीन-चार प्रेते एकाच टाकीतून निघतात, ती अशी.

आपल्या कायद्याला हे ठाऊक आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यास मनाई केली. त्याखालच्या नियमांत जी साधने द्यायची सांगितली आहेत, त्यांत चार वायू मोजणारे यंत्रही आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. यंत्राची किंमत या भरपाईच्या तुलनेत नगण्य आहे. तरीही गावोगाव माणूस उतरतो तो एक दोरी आणि एक बादली घेऊन.

पेव उघडणारा सावकार अडाणी असेल, कंजूषही असेल. पण आत माणूस सोडण्याआधी तो कंदील सोडत असे, आणि कंदील विझला तर त्या दिवशीचे काम थांबत असे. आपल्या सोसायटीची टाकी उपसायला, कारखान्याची मळीची टाकी धुवायला किंवा परसातल्या आडाचा गाळ काढायला उद्या कुणी येईल, तेव्हा मजुरी ठरवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हवा कशाने तपासणार, ते यंत्र शेवटचे कधी पारखले, आणि वर दोर धरून कोण उभा राहणार. उत्तरे मिळाली नाहीत, तर झाकण उघडू देऊ नये.